प्रतिपालक बॅकअपराव

सहकारी बँका, साखर कारखाने आणि नगरपालिका यांच्या संगणक विभागांत जी एक जात हमखास आढळते, तिला सोयीसाठी ‘बॅकअपराव’ म्हणता येईल. डेटाबेस, म्हणजे खात्यांच्या नोंदींचा संगणकातील सुसूत्र साठा, बिघडल्यास पुन्हा उभा करता यावा म्हणून त्याची जी वेगळी प्रत काढून ठेवतात ती बॅकअप. आणि ही प्रत कशावर ठेवावी, हा बॅकअपरावांच्या आयुष्यातील मूलभूत प्रश्न होय.

या प्रश्नावर त्यांचे मत ठाम असते आणि ते न विचारता मिळते. हार्ड डिस्क वेगवान खरी, पण हातातून पडली की संपली; पेनड्राइव्हमधील नोंद विद्युतभाराच्या रूपात असल्याने वर्षानुवर्षे पडून राहिल्यास तो भार झिरपण्याची भीती; साध्या डीव्हीडीवर मावते जेमतेम ४.७ गिगाबाइट, आणि क्लाउड म्हणजे शेजाऱ्याकडे ठेवलेले दागिने, असा त्यांचा निवाडा असतो. निष्ठा फक्त टेपवर. एलटीओ टेप, म्हणजे कार्ट्रिजमध्ये गुंडाळलेली अर्धा इंच रुंदीची चुंबकीय फीत, पहिल्या पिढीत १०० गिगाबाइट घेत असे, नवव्या पिढीत १८ टेराबाइट घेते आणि कपाटात ठेवली की व्हायरस तिच्यापर्यंत पोहोचत नाही, हे ते लग्नाच्या पंगतीतही पटवून देतात. आठव्या पिढीच्या ड्राइव्हला सहाव्या पिढीची टेप वाचता येत नाही, एवढाच तपशील जिलबी येते तेव्हा राहून जातो.

तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि एक प्रत दुसऱ्या जागी, हा या शास्त्रातील सर्वमान्य नियम बॅकअपराव काटेकोरपणे पाळतात. मात्र ‘दुसरी जागा’ म्हणजे बहुधा त्यांच्याच घरचे गोदरेजचे कपाट असल्याने संस्थेची महिनाअखेरची टेप सौभाग्यवतींच्या शालूच्या घडीत डांबराच्या गोळ्यांसह नांदते, आणि घरात कार्य निघाले की संस्थेच्या आपत्ती व्यवस्थापनाला तेवढ्यापुरती स्थगिती मिळते.

रिस्टोअर, म्हणजे प्रतीवरून डेटाबेस खरोखर उभा करून पाहणे, हा विषय मात्र त्यांना रुचत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब कंपनीचा डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड कामी आली नाही आणि सुमारे सहा तास आधी योगायोगाने काढलेल्या प्रतीवर निभावले, हा वृत्तान्त त्यांना तोंडपाठ असतो. त्यावरून सहावी पद्धत विकत घ्यावी, एवढाच बोध ते घेतात. लेखापरीक्षकाने शेवटचे रिस्टोअर कधी केले असे विचारले, तर बॅकअपच्या रोजच्या सह्यांचे रजिस्टर पुढे केले जाते. दोष सर्वस्वी त्यांचा नव्हे. चाचणीला मोकळा सर्व्हर हवा, सर्व्हरला संचालक मंडळाची मंजुरी हवी, आणि गरज सिद्ध झाल्याखेरीज मंडळ मंजुरी देत नाही, त्यामुळे ती सिद्ध करण्याची जबाबदारी अखेर डेटाबेसवरच येऊन पडते.