निवांत नाताळ

‘यंदा नाताळात निवांत राहायचं, फक्त घरच्यांसोबत,’ असं ठरवून मुंबई-पुण्याची असंख्य कुटुंबं एकाच दिवशी गोव्याला निघतात. या संकल्पाला सरकारचाही हातभार असतो. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 पासून चालूच आहे, त्यामुळे वेग कमी करण्याची सोय पनवेलपासूनच होते. माणगावच्या कोंडीत बाप लेकाकडे प्रथमच नीट बघतो आणि ‘कितवीत रे तू आता?’ असं मायेनं विचारतो.

तिकडे गोव्यातल्या घरांत दोदोल शिजत असतो. तांदळाचं पीठ, नारळाचा रस, माडाचा गूळ. कढईपासून हलायचं नाही. तासन्‌तास ढवळायचं, हात भरून आला की कालथा जावेकडे द्यायचा. बेबिंकाचं तर एक थर भाजल्याशिवाय दुसरा ओतताच येत नाही. नेवऱ्या मुरडायला सगळं घर बसतं, आणि गावभरची उणीदुणीही त्याच तेलात तळली जातात. (याला तिथे कुणी ‘फॅमिली टाइम’ म्हणत नाही. काम म्हणतात.)

आमची मंडळी मात्र दोन दिवसांत सगळे किनारे उरकतात, निवांतपणाचे फोटो टाकायला रेंज शोधत फिरतात, आणि निघताना दुकानातून बेबिंकाचे डबे उचलतात. परतल्यावर शेजारी वाटायला. ‘अगदी घरगुती आहे हं!’