पंक्तिप्रपंच

“या पॅडवर माझा फोन चार्ज होईल का?”
“होईल की! वायरलेस आहे ना, मग होणारच.”
“किती वॅटने?”

इथे दुकानदार खोकं उलटं करतो, चष्मा कपाळावर ढकलतो आणि वाचतो : कमाल १५ वॅट. पुढे एक तारका असते. तिचा पाठपुरावा केला तर तळाशी मुंगीच्या अक्षरात मजकूर सापडतो : वेग फोनच्या मॉडेलवर, अडॅप्टरवर आणि परिस्थितीवर अवलंबून. अडॅप्टर खोक्यात नसतोच. वायर मात्र असते, कारण वायरलेस पॅडला वीज वायरीतूनच द्यावी लागते.

यात विज्ञानाचा काही दोष नाही. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते, हे फॅरेडेने १८३१ सालीच दाखवून दिलं. एक कॉइल पॅडात, दुसरी फोनच्या पाठीत; एवढ्यात त्याचं काम झालं. पुढचं कंपन्यांनी हाती घेतलं.

२००८ साली वायरलेस पॉवर कन्सॉर्शियम स्थापन झालं आणि त्याने ‘ची’ हे मानक आणलं. खोक्यावर ते ‘क्यूआय’ असं छापलेलं असतं. कोणाचाही फोन, कोणाचाही पॅड, असा त्याचा उदार बाणा. सर्वांसाठी एकच मानक ठरल्यावर साहजिकच आणखी दोन गट उभे राहिले आणि २०१५ मध्ये त्या दोघांनी आपसात सोयरीक केली. २०१७ मध्ये ॲपलने आयफोन ८ आणि एक्सला ‘ची’ दिलं, तेव्हा भांडण मिटलं आणि सगळ्यांची एक पंगत बसली.

पण मानक पाटावर बसवण्याची हमी देतं, पानात काय पडेल याची नाही. ‘ची’चं मूळ वाढप ५ वॅटपर्यंतचं. आयफोन १२ साध्या पॅडवर ७.५ वॅट घेतो, तोच ॲपलच्या घरच्या मॅगसेफ पॅडवर १५ घेतो. वनप्लस ९ प्रो कंपनीच्याच पॅडवर ५० वॅटपर्यंत हाणतो. परक्या दारी मात्र त्याने मीठ-भातावर भागवायचं. तूप घरच्यांना. इकोसिस्टिम असं भारदस्त नाव दिलं की पंक्तिप्रपंचसुद्धा शोभून दिसतो.

बरं, बसायचंही नीट. कॉइलवर कॉइल आली नाही तर वीज थोडी पोहोचते आणि बाकीची फोन तापवण्यात खर्ची पडते. रात्री फोन बोटभर सरकला तर सकाळी तो गरम आणि बॅटरी उपाशी. कव्हरला गाडीच्या होल्डरसाठी लोखंडी पट्टी चिकटवली असेल, तर शहाणा पॅड परकी धातूची वस्तू ओळखून चार्जिंग थांबवतो. फोन आला आणि उचलून कानाला लावला, तरीही चार्जिंग थांबतं. वायर लावून बोलता येत असे, ती सोय प्रगतीने काढून घेतली.

सरकण्यावर उतारा म्हणून चुंबकं आली. २०२३ मध्ये जाहीर झालेलं ‘ची-टू’ मॅगसेफच्याच चुंबकी रचनेवर बेतलेलं आहे. त्यात ‘ची-टू रेडी’ नावाचाही एक मान आहे. सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस २५ला तो मिळाला. फोनमध्ये चुंबकं नाहीत, ती कव्हरमध्ये असतात आणि कव्हर वेगळं विकत घ्यायचं. मुंडावळ्या आपण आणल्या की नवरदेव तयार! आणि १५ वॅटचा पॅड घेऊन हात पुसतोय तोवर २०२५ मध्ये २५ वॅटचं ‘ची-टू’ येऊन दाखल.

युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना टाइप-सी सक्तीचं केलं आणि वायरवाल्यांची पंगत बरीचशी सरळ केली. वायरलेसच्या पंगतीत असा दंडुका घेऊन कोणी उतरलेलं नाही. तोवर सुज्ञ ग्राहकाने फोन, पॅड, अडॅप्टर आणि कव्हर ही चारही एकाच घराण्यातली घ्यावीत. खुल्या मानकाचा पुरेपूर लाभ घ्यायची याहून खात्रीची रीत नाही.