एक्याऐंशीने भाग जाणारे काका

आकडा केवढा आहे याच्याशी काकांना देणंघेणं नसतं. तो कसा आहे, एवढंच त्यांना हवं असतं. भाजीवाल्याने ३५० रुपये सांगितले की काका घासाघीस करून ३५१ देतात. "एकपासून सव्वीसपर्यंतची बेरीज आहे, ठेव!" भाजीवाला ठेवतो. त्यालाही हल्ली गणिताची गोडी लागली आहे.

ओटीपी आला की काका आधी त्याचे अवयव पाडायला बसतात. ते पडेपर्यंत ओटीपीची मुदत संपते, मग दुसरा येतो. काकांची तक्रार नाही. फुकटात नवा आकडा मिळाला. वीजबिल अर्थातच काकू भरतात.

दैवत एकच, देवळालीच्या शाळेतले कापरेकर मास्तर. कुठलेही चार अंक घ्या, फक्त सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करत राहा. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ हाती लागतेच. काका हे लग्नाच्या पंगतीत सांगतात. शेजारच्याची सातवी वजाबाकी होईस्तोवर जिलबी पुढच्या पानाकडे गेलेली असते.

पण काकांचा खरा जीव १२३४५६७८९८७६५४३२१ वर. ओळीने नऊ एक मांडायचे आणि त्या संख्येचा वर्ग करायचा, की ही अवतरते. असल्या संख्यांना कापरेकरांनी 'डेम्लो' म्हटलं, डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून. (त्या फलाटावर सकाळी आठच्या गर्दीत इतरांना जे सुचतं, ते छापता येत नाही.) हिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ने हिला निःशेष भाग जातो, म्हणजे हर्षद संख्या, तीही कापरेकरांचीच. "पत्रिकेत गुण असून असून छत्तीस," काका म्हणतात, "हिचे नुसते भाजकच पंचेचाळीस!" मुलीसाठी स्थळं बघताना त्यांनी एवढी चौकशी केली नव्हती.

मोबाइल बँकिंगचा पासवर्ड काकांनी हीच संख्या ठेवायला घेतली. पडद्यावर लाल अक्षरं उमटली : 'कमकुवत पासवर्ड'. एखादं अक्षर आणि चिन्ह घाला, अशी सूचनाही होती. काकांच्या मते ही भेसळ. त्यांनी तडक बँकेच्या मदतकेंद्राला फोन लावला.

"कमकुवत कुणाला म्हणता? पूर्ण वर्ग आहे! एक्याऐंशीने भाग जातो!"

"अहो, पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो," काकू आतून ओरडल्या.

"सांगतोय कुठे? गुण सांगतोय."

पलीकडचा मुलगा सोशिक होता. तो म्हणाला, "सर, मग निदान उलटा करून टाकून बघा."

काका क्षणभर गप्प झाले. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली, कागद घेतला, आणि फार मायेने विचारलं, "बाळा, जेवण झालंय ना तुझं? मग लिहून घे."