यंदा काही विशेष नाही

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार उलटला, थँक्सगिव्हिंगची उरलेली टर्की सँडविचांत जिरली, की मिनेसोटातल्या किराणा दुकानांत बटरच्या कपाटापुढे एक बाई उभी दिसू लागते. वय सत्तरीच्या आसपास, अंगात हिमकणांची नक्षी विणलेला स्वेटर, बुटांना घोट्यापर्यंत बर्फ. तिच्या ढकलगाडीत पौंडापौंडाचे इतके खोके असतात, की दुकानदाराला बेकरीवाली वाटावी. कोणी ओळखीचं भेटलं आणि 'काय, कुकीजची तयारी का?' असं विचारलं, तर ती गाडीसमोर आडवी उभी राहते आणि म्हणते, "छे! यंदा काही विशेष नाही. थोड्याशा स्प्रिट्स करीन म्हणते."

ही मिनेसोटाची स्प्रिट्सवाली. एकोणिसाव्या शतकात स्वीडन-नॉर्वेहून माणसं निघाली आणि इथल्या थंडीत त्यांना घरच्यासारखं वाटलं म्हणून इथेच राहिली. त्यांच्या पणत्यांना आज आजीच्या भाषेतली चार वाक्यं धड बोलता येत नाहीत, पण नाताळला कुकीज किती प्रकारच्या झाल्या पाहिजेत, हे झोपेतही सांगता येतं. सात. सहा झाल्या तर चर्चमध्ये कोणी काही बोलत नाही. ते न बोलणं मात्र तिला पार मागच्या बाकापर्यंत ऐकू येतं.

या सातांत स्प्रिट्स सर्वांत साधी, म्हणून सर्वांत दगाबाज. बटरच्या दोन कांड्या, त्याच्या निम्म्याहून किंचित जास्त साखर, एक अंडं, सव्वादोन कप मैदा आणि मीठ. लपायला जागाच नाही. बटर गार राहिलं तर पीठ तुटतं. फार मऊ झालं तर नाताळचं झाड ओव्हनमध्ये पसरून झुडूप होतं. बाकीच्या कुकीजचं पीठ फ्रीजमध्ये ठेवतात, हिचं ठेवायचं नाही. बाकीच्यांना ट्रेवर कागद घालतात, हिला घालायचा नाही. पीठ कोऱ्या ट्रेला चिकटलं तरच कुकी पाडायच्या यंत्राचा हात सोडतं. गरम ट्रेवर ते वितळतं आणि यंत्रालाच लोंबकळत राहतं. म्हणून स्प्रिट्सवाली ओव्हनमधून निघालेला ट्रे रिकामा करते, मागचं दार उघडते आणि पायरीवरच्या बर्फात तो दोन मिनिटं टेकवते. बाहेर उणे पंधरा असतं. घरातले लोक 'दार!' म्हणून ओरडतात. तिच्या दृष्टीने मिनेसोटाच्या हिवाळ्याचा उपयोग एवढाच, आणि तो तिला पुरतो.

यंत्र म्हणजे आपल्या सोऱ्याचा विलायती चुलतभाऊ. ॲल्युमिनियमचं नळकांडं, वर फिरवायची मूठ, खाली बदलायच्या चकत्या. हे आईकडून आलेलं, तिला तिच्या आईकडून. बंदुकीसारखा घोडा ओढायचं नवं यंत्रही घरात असतं. ते सुनेने दिलेलं. ते खोक्यात असतं आणि सून यायच्या दिवशी ओट्यावर येतं. चकत्यांत झाड, चांदणी, फुलांचं कडं असतं आणि एक उंट असतो. बेथलेहेमला निघालेल्या तीन ज्ञानी पुरुषांचा हा उंट. त्या चकतीतून आजवर बदक निघालंय, डुक्कर निघालंय, एका वर्षी तर हुबेहूब इटली निघाला. तरी ती दरसाल उंट पाडते, कारण नाही पाडला तर थोरला मुलगा विचारतो. थोरला मुलगा आता पन्नाशीचा आहे.

सजावटीच्या चांदीच्या गोळ्यांच्या बाटलीवर 'केवळ शोभेसाठी, खाण्यासाठी नव्हे' असं अमेरिकन कायद्याप्रमाणे छापलेलं असतं. तिने त्या पाचव्या वर्षापासून खाल्ल्या आहेत आणि मुलानातवंडांनाही घातल्या आहेत. कोणी बाटलीवरची सूचना दाखवली, तर ती चष्मा सापडत नसल्याचं सांगते.

खरी परीक्षा मात्र तळाची. २०० अंशांवर सहा ते आठ मिनिटं; तेवढ्यात वर रंग येता कामा नये आणि कडेला नुसती सोनेरी रेघ उमटली पाहिजे. त्या मिनिटांत फोन वाजला तर वाजू दे, मग पलीकडे पाद्री का असेना. दुसऱ्याच्या घरी ताट पुढे आलं, की ती कुकी उचलते, बोलता बोलता सहज उलटी करते, तळ बघते आणि मगच तोंडात टाकते. तळ करपलेला दिसला, तर म्हणते, "वेगळीच लागते, नाही?" इथे 'वेगळीच' हा शेवटचा शब्द. त्यापुढे निंदेला जागा नाही.

स्तुतीलाही नाही. हॉवर्ड मोर या लेखकाने १९८७ साली मिनेसोटन बोलीचं एक विनोदी मार्गदर्शक लिहिलं, त्यात आनंदाची परिसीमा 'नॉट टू बॅड' एवढीच आहे. आपल्या सदाशिव पेठेला हा माणूस आपलाच वाटेल. काहीही खायला दिलं तर पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा 'बरं, तुम्हाला एवढा त्रास होणार नसेल तर' म्हणून घ्यायचं, हाही नियम त्याने नोंदवलाय. ताटातली शेवटची कुकी कोणी उचलत नाही. एक जण अर्धी मोडतो, दुसरा त्या अर्धीची अर्धी. पार्टी संपते तेव्हा ताटात एक चांदीची गोळी आणि चिमूटभर भुगा उरतो, आणि तोही कोणाचा म्हणून सगळे एकमेकांकडे बघतात.

पाककृती मागा, ती आनंदाने देते. अक्षर सुंदर, माप चोख. फक्त बटर किती मऊ हवं ते कुठेच नसतं. चर्चने छापलेल्या तारेच्या बांधणीच्या पाककृतींच्या पुस्तकात एकच स्प्रिट्स तीन बायकांच्या नावावर असते, कारण त्यांतल्या दोघींना 'नाही' सांगायला समितीत कोणी तयार नसतं. तिघींत फरक एकच: एकीची बदामाच्या अर्काची, एकीची व्हॅनिलाची, आणि एकीने दोन्ही घातलंय. तिसरीबद्दल पहिल्या दोघींचं एकमत आहे.

तयार डबे गॅरेजमध्ये जातात. डिसेंबरात अख्खं गॅरेज फ्रीजर असतं. नवऱ्याच्या हाती लागू नये म्हणून डब्यांवर 'जुने मोजे' लिहिलेलं असतं. नवऱ्याला हे लग्नापासून माहीत आहे. आणि चर्चच्या तळघरात जाणाऱ्या प्रत्येक ताटाच्या, ट्रेच्या, डावाच्या बुडाला मास्किंग टेपची पट्टी आणि तीवर आडनाव. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालत, त्यामागची काळजी हीच.

आमच्या शेजारच्या स्प्रिट्सवालीने एकदा आमचा पितळी सोऱ्या पाहिला. चकलीची चांदणी उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली. तिची आजी म्हणे अशीच लांब दोरी पाडून तिची कडी आणि एसच्या आकाराची वळणं करायची. झाडं-उंट हे सगळं नंतरचं. "घेऊन जा ना," मी म्हटलं. नको म्हणाली. पुन्हा म्हटलं, पुन्हा नको. तिसऱ्यांदा म्हणेपर्यंत तो तिच्या पिशवीत होता.

नाताळ झाला, ईस्टर जवळ आला, अंगणातला बर्फ वितळला, तेव्हा सोऱ्या परत आला. चिंच लावल्यासारखा लख्ख, आणि बुडाला मास्किंग टेपवर तिचं आडनाव. मी पट्टीकडे पाहिलं, तशी ती म्हणाली, "अगं, हाताची सवय. काढून टाक." ती पट्टी निघत नाही. दिवाळीला तिला चकल्या नेऊन दिल्या, तर तिने एक उलटी करून तळ पाहिला, "नॉट टू बॅड" म्हणाली आणि दार लावता लावता चौकशी केली, "आपला सोऱ्या जपून वापरतेस ना?"