कोपऱ्याला कोपरा

ज्येष्ठ नागरिक संघाच्या कुठल्याही सभागृहात डोकावलं, की खिडकीजवळच्या टेबलाशी एक गृहस्थ हमखास दिसतात. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, समोर चौकोनी कागद, आणि अंगठ्याचं नख घडीवरून इस्त्रीसारखं फिरतंय. त्यांना आपण घडीपंत म्हणू. नोकरी बँकेत झालेली असो, पाटबंधारे खात्यात असो नाहीतर शाळेत, यांनी जन्मभर घड्याच घातलेल्या असतात. वर्तमानपत्र आधी दुसऱ्याने उघडलं तर यांना ते शिळं लागतं. प्लॅस्टिकची पिशवी यांच्या घरी समोशासारखी त्रिकोणी होऊन डब्यात बसते. ए-फोर कागदाचा चौरस कापल्यावर ८७ मिलिमीटर रुंदीची पट्टी उरते, तीही फेकली जात नाही; तिच्यावर वाण्याची यादी होते, आणि यादीसुद्धा मधोमध दुमडूनच वाण्याच्या हाती पडते. निवृत्तीनंतर एक दिवस त्यांना कळतं, की आपल्या या खोडीला जपानी भाषेत ओरिगामी असं नाव आहे. ओरु म्हणजे दुमडणं, कामी म्हणजे कागद. ज्या सवयीपायी बायकोने चाळीस वर्षं कपाळाला हात लावला, तिला जगात कला म्हणतात हे समजल्यावर माणसाची चालच बदलते.

नवा मुसलमान पाचदा नमाज पढतो म्हणतात. घडीपंत सहाव्यांदाही तयार असतात. ओरिगामीचे जपानी गुरू अकिरा योशिझावा (१९११-२००५) यांचं नाव ते घरातल्या थोरल्या चुलत्याचं घ्यावं तसं घेतात. घड्यांच्या नकाशातली तुटक रेघ म्हणजे दरी, टिंब-रेघ म्हणजे डोंगर, ही त्या योशिझावांची खूण ते चहाच्या कपाखालच्या कागदावरही काढून दाखवतात. कोणी 'हा पोरखेळ' म्हणालंच, तर जपानी शास्त्रज्ञ कोरिओ मिउरा यांची घडी बाहेर निघते: याच घडीने मिटलेला सौर पंख १९९५ साली जपानी यानातून अवकाशात गेला आणि तिथे उघडला. श्रोते गप्प होतात. घडीपंतांची स्वतःची छत्री मात्र पावसात कधी वेळेवर उघडत नाही, पण तो छत्रीवाल्याचा दोष.

इथवर सगळं ठीक आहे. हसू येतं ते ऑक्टोबरात. १ ऑक्टोबर हा संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन, १९९१ पासून पाळला जाणारा. त्या निमित्ताने सभागृहाची भिंत सजते, आणि तिच्यावर घडीपंतांच्या देखरेखीखाली घडलेली लाल-केशरी मॅपलची पानं झरझर गळताना दिसतात. खिडकीबाहेर पाहावं तर नुकताच पाऊस सरलेला, झाड न् झाड हिरवंगार, एक पान गळेल तर शपथ. आपल्याकडची पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनाची. आपल्याकडे झाड लाल होतं तेही उलट कारणाने: चैत्राच्या सुमाराला कुसुंब लालभडक दिसतो तो कोवळ्या पालवीने, पिंपळ तांबूस होतो तोही पालवीनेच. म्हणजे मॅपलच्या देशांत पानाचा लाल रंग निरोपाचा, आपल्याकडे बारशाचा. सत्तरी ओलांडलेल्या मंडळींच्या भिंतीवर त्यातला निरोपाचा रंग निवडून लावणं हा विनोद आहे, आणि तो घडीपंतांनी मुद्दाम केलेला नाही, म्हणून जास्त चांगला आहे.

यावरून कोणी म्हणेल, की हे सगळंच उसनं आहे, तेव्हा बंद करा. हा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. जपानातही वृद्धांच्या आदराचा दिवस शरदातच येतो, सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी. तिथल्या वृद्धांच्या दिवसकेंद्रांतून शरदभर मॅपलची पानं, चेस्टनट, काकीची केशरी फळं आणि चंद्राकडे पाहणारा ससा कागदातून घडतो, आणि ते शोभतं, कारण तिथे दाराबाहेर तेच चाललेलं असतं. उसनं घ्यायचंच तर पान कशाला घ्यायचं, दाराबाहेर बघण्याची ती रीत घ्यावी. शिवाय घडी ही काही परकी वस्तू नव्हे. टी. सुंदरराव यांनी १८९३ साली मद्रासेत कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं अख्खं पुस्तक छापलं होतं. पुण्यात अनिल अवचटांनी (१९४४-२०२२) 'छंदांविषयी'मधून ओरिगामीचं वेड मराठी वाचकाच्या ओळखीचं केलं. आणि पुस्तकाबाहेर पाहिलं तर पुडी, करंजीची मुरड, लवंग टोचलेला विडा, मोदकाच्या कळ्या, नऊवारीच्या निऱ्या हे काय आहे? म्हणूनच घडीपंत ज्या बगळ्यासाठी तीन आठवडे नकाशा लावून बसतात, तो शेजारच्या टेबलावरच्या आजी एकदा पाहून घडवतात आणि विचारतात, "झालं? पुढे काय?" या प्रश्नाने घडीपंत दुखावतात. प्रश्न मात्र लाखमोलाचा आहे.

कारण 'पुढे काय' याचं उत्तर सहसा वैद्यकीय भाषेत मिळतं. बोटांना व्यायाम होतो, मेंदू तल्लख राहतो, मन रमतं. यातलं पहिलं पटण्यासारखं आहे. पण कागद दुमडला म्हणून स्मृतिभ्रंश दारातून परत फिरतो, असं कोणी सिद्ध केलेलं नाही. आणि सिद्ध झालं असतं तरी माझी हरकत राहिलीच असती. एकदा का घडी औषध ठरली, की घडणारी वस्तू बिनमहत्त्वाची ठरते. काढ्याची चव कोण विचारतो? मग वाकडा बगळाही "छान हं आजोबा!" या लाडिक सुरात स्वीकारला जातो आणि संध्याकाळी झाडूबरोबर जातो. ज्या माणसाने पस्तीस वर्षं पै-पैचा ताळा जुळवला, त्याला वाकडा बगळा वाकडा आहे एवढं नक्की कळतं. त्याला 'रमवणं' हा त्याचा सन्मान नव्हे. वाकडं आहे, पुन्हा करा, असं म्हणणाऱ्याने त्याला माणसात धरलेलं असतं.

दुसरी हरकत बोटांची. हात थरथरतात, दिसत नाही, सांधे धरतात. खरं आहे, पण त्यावर इलाज कागदातच आहे. नेहमीच्या पंधरा सेंटिमीटरऐवजी पंचवीसचा चौरस घ्यावा, एका बाजूने रंगीत आणि दुसऱ्या बाजूने पांढरा, म्हणजे घडी नजरेला ठळक दिसते. कागद हवेत न धरता टेबलावर ठेवावा, घडी नखाऐवजी चमच्याच्या पाठीने दाबावी, आणि दहा पायऱ्यांच्या आत वस्तू संपावी. दिनदर्शिकेची उलटून गेलेली पानं याला उत्तम, आणि कागद वाया जातो ही तक्रारही तिथेच मिटते.

मग घडवायचं काय? शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, आणि आपल्या शरदासारखा कागदाला हपापलेला ऋतू दुसरा नाही. दसऱ्याला आपट्याचं पान लागतं. त्यापायी झाडं ओरबाडली जातात, आणि बाजारात आपटा म्हणून बऱ्याचदा कांचनच गळ्यात मारतात. हे पान निसर्गाने जणू मधोमध घडी घालूनच पाठवलेलं आहे. कागदाचा साधा बदाम घडवायचा, खालचं टोक मागे मोडून बोथट करायचं, की झालं सोनं. कोजागरीला चंद्रातला ससा आपलाही आहे, उगाच नाही चंद्राला शशांक म्हणत. मग दिवाळीच्या फराळाच्या पुड्या, आणि सगळ्यांत वर आकाशकंदील. कागदाच्या करंज्या एकीला एक चिकटवून, झिरमिळ्या लावून केलेला कंदील वाकडा झाला तर सोसायटीभर दिसतो, म्हणून तो वाकडा करून चालत नाही. इथे घडीपंतांचा काटेकोरपणा पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडतो, आणि आजींच्या 'पुढे काय'लाही उत्तर मिळतं.

आपल्या पूर्वजांनी आशीर्वाद देताना आयुष्य पावसाळ्यांनी मोजलं तसं शरदांनीही मोजलं. शंभर शरद पाहा म्हणाले, शंभर पानगळी पाहा असं म्हणाले नाहीत. याच शरदात, नोव्हेंबरात, निवृत्तिवेतनधारकाला हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेत अंगठा यंत्रावर टेकवला, की सरकारची खात्री पटते. त्याच अंगठ्याने घडी घातलेला कंदील चौथ्या मजल्यावर लागलेला असला, आणि खालून कोणी ओरडलं, "काका, उजवीकडे जरा कलतोय हो!", की घडीपंतांचीही पटते. ते चिडून वर बघतात, पुटपुटतात, आणि शिडी मागवतात.