घर बांधू इच्छिणाऱ्या इसमाविषयी

यवतमाळ जिल्ह्यात घर बांधू इच्छिणाऱ्या इसमांचे दोन वर्ग आहेत: घर बांधण्यासाठी ज्यांना सरकार पैसे देते ते, आणि घर बांधू देण्यासाठी ज्यांच्याकडून सरकार पैसे घेते ते. पहिल्यास लाभार्थी म्हणतात, दुसऱ्यास अर्जदार. लाभार्थी झरी-जामणी, मारेगाव किंवा घाटंजीकडच्या एखाद्या पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, आढळतो. अर्जदार यवतमाळच्या कडेला, कालपरवापर्यंत कपाशीचे वावर असलेल्या एखाद्या ले-आउटात, चुन्याच्या फक्कीने आखलेल्या चौकोनाकडे वात्सल्याने पाहत उभा असतो. दोघांच्या मिळकतीत, शिक्षणात आणि पादत्राणांत कितीही अंतर असले तरी कचेरीच्या आवारातील कडुनिंबाखाली ते एकाच बाकावर बसलेले दिसतात, आणि समतेचे तत्त्व इतक्या निर्विवादपणे अमलात आणणारे दुसरे स्थळ निदान आमच्या तरी पाहण्यात नाही.

लाभार्थ्याचे प्रथम कर्तव्य घर बांधणे हे नसून, आपणांस घर नाही हे सिद्ध करणे हे होय. 1985 साली सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेच्या जागी 2016 साली प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण अवतार प्रकट झाला, तेव्हा लाभार्थ्यांची निवड 2011 च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय सर्वेक्षणावरून करण्याचे ठरले; अर्थात 2011 साली जो दरिद्री होता तोच खरा दरिद्री, आणि त्यानंतर ज्याचे बरे चाललेले बिघडले त्याने ते मुदतीत बिघडवले नाही हा सर्वस्वी त्याचा प्रमाद. पुढे 2018 साली 'आवास प्लस' नावाची पुरवणी यादी करून या उशिरा दरिद्री झालेल्यांनाही रुजू करून घेण्यात आले, हे न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे.

यादीत नाव आले तरी दारिद्र्याच्या तेरा कसोट्या शिल्लक होत्याच. ज्याच्या दारी मोटारसायकल, ज्याच्या घरात फ्रिज, ज्याच्या भिंतीला तारेचा टेलिफोन, तो गरीब नव्हे, असा दंडक होता. वैशाखात जेथे पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकतो त्या मुलखात थंड पाण्याची वासना हे संपन्नतेचे लक्षण ठरले. तालुक्याच्या गावी दहा वेळा हेलपाटे घालावयास लावणाऱ्या योजनेने हेलपाटे घालण्याचे वाहन मात्र निषिद्ध मानले. आणि तारेचा टेलिफोन श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतूनही अंतर्धान पावत असताना नियमावलीत तो वैभवाचे चिन्ह म्हणून कित्येक वर्षे खणखणत राहिला. 2024 साली या तिन्ही कसोट्या गाळण्यात आल्या. आता फ्रिजचा मालकही गरीब असू शकतो, हे शासनास मान्य आहे.

यानंतर छायाचित्र. लाभार्थ्याने आपल्या जुन्या घरापुढे उभे राहावयाचे, आणि अक्षांश-रेखांशांसह त्याचे चित्र मोबाईल संचातून दिल्लीपर्यंत पोचवावयाचे, अशी रीत आहे. कोलाम माणसाच्या पोडावरचे घर म्हणजे बांबू-तुराट्यांचा कूड, त्यावर शेणामातीचा गिलावा. उन्हाळ्यात गार, पडले तर चार गडी मिळून पुन्हा उभे करता येईल असे, आणि ज्याच्या दुरुस्तीस कोणत्याही कचेरीचा दाखला लागत नाही असे. या शेवटच्या गुणामुळेच बहुधा त्यास 'कच्चे' म्हणत असावेत. त्याऐवजी जे पक्के मिळावयाचे ते किमान 25 चौरस मीटरांचे, म्हणजे स्वयंपाकाच्या जागेसह सुमारे 269 चौरस फुटांचे. आणि ते ज्या भूमीवर उभारावयाचे ती भूमी लाभार्थ्याच्या मालकीची असावी अशी माफक अपेक्षा असते. ज्यास घर नाही त्यास बहुधा जागाही नसते, हे शासनाच्या ध्यानात आले नाही असे नाही; म्हणून घरकुलाच्या जागेच्या खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची निराळी योजना आहे. तिचा अर्ज निराळा, तिची कागदपत्रे निराळी, आणि तिच्या कागदपत्रांत घरकुल मंजूर असल्याचा पुरावा आलाच. घराची वाट जागेच्या योजनेतून जाते आणि जागेची वाट घराच्या योजनेतून. मध्ये तो कडुनिंबाखालचा बाक.

आता पैशाची गोष्ट. सपाट प्रदेशातील घरास 1,20,000 रुपये हा आकडा 2016 साली ठरला, आणि विटा, लोखंड व गवंडी यांनी त्यानंतर त्याच्याशी जुळवून घेण्याचे साफ नाकारले असले तरी केंद्राने आपला शब्द फिरवलेला नाही. 2025 साली राज्याने आपल्या पदरचे 50,000 रुपये वाढवले खरे, परंतु त्यांतील 15,000 छतावरच्या सौरयंत्रासाठी आहेत. सबब प्रथम छत हवे. शौचालयाचे 12,000 वेगळे, आणि रोजगार हमीतून 90 मनुष्यदिवसांची मजुरी वेगळी, म्हणजे लाभार्थ्याने आपल्याच घरावर मजूर म्हणून राबावे आणि आपणच आपल्या मजुरीची वाट पाहावी. पहिला हप्ता 15,000 रुपयांचा येतो. त्यात खोदकाम, दगड, मुरूम, लोखंड, सिमेंट हे सर्व करून जोते पूर्ण करावे, जोत्याचे छायाचित्र पाठवावे, म्हणजे पुढचा हप्ता येतो. लाभार्थ्याने जमिनीपासून जोत्यापर्यंत श्रीमंत असावे आणि जोत्यापासून पुढे पूर्ववत् गरीब व्हावे, अशी ही सूक्ष्म रचना आहे. आणि मधल्या काळापुरती लागणारी श्रीमंती गावातील सावकार शेकडा ठरावीक व्याजाने पुरवतो, हे त्याचे राष्ट्रीय गृहनिर्माणातील योगदान आजवर कोणत्याही अहवालात आलेले नाही.

जिल्ह्यात साहित्याची वाण आहे असेही नाही. मुकुटबनला सिमेंटचा कारखाना आहे, राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत, दक्षिणेस पैनगंगा आणि पूर्वेस वर्धा अशा दोन नद्या जिल्ह्याची हद्द धरून वाहतात आणि त्यांच्या पात्रांत वाळू आहे. घरकुलाच्या लाभार्थ्यास 5 ब्रास, म्हणजे 500 घनफूट वाळू स्वामित्वधनाशिवाय मिळावी असा शासनाचा निर्णय आहे. निर्णय उदार आहे. फक्त वाळू नदीत असते, लाभार्थी पोडावर असतो, आणि या दोहोंमधील अंतरास कोणतेही स्वामित्वधन माफ करता येत नाही. ट्रॅक्टरवाल्याचे भाडे ऐकून फुकट वाळू विकतच्या वाळूपेक्षा स्वस्त कशी, हे गणित लाभार्थ्याला सुटत नाही. पावसाळ्यात उपसा बंद असतो. उपशाआधी घाटाचा लिलाव व्हावा लागतो, लिलावाआधी पर्यावरणाची परवानगी यावी लागते. एवढे होऊनही जिल्ह्यात वाळू अगदीच हलत नाही असे म्हणता येणार नाही. ती रात्री हलते, आणि तेव्हा तिला पास लागत नाही.

अर्जदाराची कथा अधिक सुसंस्कृत आहे, कारण ती सातबाऱ्यापासून सुरू होते. संगणकीय स्वाक्षरीचा सातबारा आता 15 रुपयांत घरबसल्या मिळतो, ही या शतकातील खरोखर मोठी सोय होय, आणि यात आम्ही उपहास करीत नाही. उपहासाचे काम तो उतारा ज्या खिडकीवर दाखल होतो तेथील कारकून करतो: 'यावर पटवाऱ्याचा शिक्का कुठाय जी?' मग आधारपत्रावर तुळशीराम, सातबाऱ्यावर तुलसीराम आणि बापाच्या मृत्युपत्रात नुसताच तुळशा असलेला तो एकच इसम असल्याचे प्रतिज्ञापत्र होते. यवतमाळ जिल्ह्याचे स्वतःचेच नाव 1905 पर्यंत वणी होते. आजोबांच्या पेटीतला त्यापूर्वीचा एखादा कागद कोणी काढलाच, तर दोन्ही जिल्हे एकच असल्याचा दाखला कोणाकडून आणावा याची चिंता आम्हांस आतापासून वाटते.

पुढे जमीन अकृषिक आहे काय, हा प्रश्न. 1966 च्या जमीन महसूल संहितेचे कलम 44 या एका आकड्याने जितक्या संसारांना ताटकळत ठेवले तितके साडेसातीनेही ठेवले नसेल. अलीकडे संहितेत दुरुस्त्या झाल्या, आणि गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरांच्या आतील जमिनीस बहुतांशी ही यातायात उरली नाही. उरले ते एवढेच, की गावठाणाची हद्द कोठे संपते हे ठरवावे. त्यासाठी मोजणी. मोजणीचे पूर्वी चार प्रकार होते: साधी, तातडीची, अतितातडीची आणि अतिअतितातडीची. मानवी उतावीळपणाचे इतके शास्त्रशुद्ध वर्गीकरण पतंजलीसही साधले नाही. 2024 च्या अखेरीस त्यांचे नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार करण्यात आले, आणि अर्जदाराच्या मनोविश्वाचे दारिद्र्य तेवढे वाढले.

मोजणी झाल्यावर कळते की आपण किती जमीन घेतली हे कोणत्या भाषेत विचारावयाचे हाही एक प्रश्नच आहे. सातबारा हेक्टर-आरमध्ये बोलतो, दलाल चौरस फुटांत, सासरा एकरात, मामा गुंठ्यांत, आणि 2020 ची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली चौरस मीटरांत. गुंठा 1089 चौरस फुटांचा आणि आर 1076 चौरस फुटांचा. दोहोंत फरक बारा-तेरा चौरस फुटांचा, आणि वऱ्हाडात शेजाऱ्यावर दिवाणी दावा लावून तो नातवाच्या लग्नापर्यंत चालवण्यास एवढी भूमी पुरेशी आहे. त्या नियमावलीने 150 चौरस मीटरांपर्यंतच्या भूखंडावर नकाशासह सूचना देऊन व शुल्क भरून घर बांधावे, शुल्काची पावती हीच परवानगी समजावी, अशी उदार तरतूद केली आहे. अर्जदाराचा भूखंड अर्थातच 153 चौरस मीटरांचा निघतो.

परंतु या सर्व प्रकरणात प्रत्यक्ष जागेवर येऊन, कोणताही भत्ता न घेता, निःपक्षपाती तपासणी करणारी एकच सत्ता या जिल्ह्यात आहे, ती म्हणजे काळी माती. कापसाला जी मानवते तीच घराला मानवत नाही. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावर निष्काळजीपणे उभा केलेला संसार पहिल्या दोन वर्षांतच खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपा तडकतो. पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा, काळी माती काढून टाकावी, मुरूम भरून धुमस मारावा, मुरूम फारच खोल असेल तर तळाशी फुगीर असे खांब ओतावेत. रुडकीच्या केंद्रीय संस्थेने या खांबांचे तंत्र कित्येक दशकांपूर्वी सिद्ध केलेले आहे, आणि जुन्या गवंड्यांना तर मातीचा स्वभाव त्याहूनही आधीपासून ठाऊक आहे. परंतु नकाशा मंजूर करणारे पाहतात ते समासातील अंतर: पुढे किती मीटर सोडले, बाजूस किती. घराखाली काय आहे हा रकाना अर्जात शोधू गेल्यास सापडत नाही. 15,000 रुपयांच्या पहिल्या हप्त्यात तर मुरूम लागण्याच्या आतच हप्ता संपतो.

खोदलेली माती मात्र सरकारच्या नजरेतून सुटत नाही. माती ही गौण खनिज, तिचे उत्खनन म्हणजे खाणकाम, सबब स्वामित्वधन व दंड, असा वाद पायाच्या खड्ड्यावरून या राज्यात इतका रंगला की 2014 साली सर्वोच्च न्यायालयास त्यात लक्ष घालून, पायातून निघालेली माती त्याच जागेच्या भरणीस वापरली तर प्रकरण निराळे होते, मातीचा उपयोग कशाकरिता झाला हे पाहिले पाहिजे, असे सांगावे लागले. आपल्याच अंगणातील माती आपल्याच अंगणात पसरण्याच्या प्रश्नावर देशाच्या सर्वोच्च न्यायासनाचा वेळ खर्ची पडला.

पाण्याविषयी थोडक्यात. स्लॅबला तराई केली नाही तर सिमेंट व्यर्थ. यवतमाळ शहर निळोणा आणि चापडोह या दोन तलावांकडे पाहून जगते, आणि 2018 च्या उन्हाळ्यात त्या तलावांनी शहराकडे पाहणे सोडून दिले होते, हे येथील कोणी विसरलेले नाही. बांधकामाला नळजोडणी मागावी तर घरपट्टीची पावती लागते, घरपट्टीस घर लागते, आणि घरास पाणी. हे चक्र शेवटी टँकरवाला भेदतो, आणि त्याच्याकडे कोणताही नमुना भरावा लागत नाही.

प्रत्येक कचेरीच्या भिंतीवर 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमान्वये फलक असतो: अमुक सेवा, अमुक दिवस, अमुक अधिकारी, प्रथम अपील अमुककडे. फलक सुवाच्य आहे. मात्र दिवस मोजावयाचे ते अर्ज परिपूर्ण झाल्यापासून, आणि अर्ज परिपूर्ण झाला की नाही हे ठरवण्यास किती दिवस, हे फलकावर नसते.

एवढे होऊनही घरे होतात, ही खरी नवलाची गोष्ट. अर्जदाराचे घर पुरे होते, तो रंग देतो, वास्तुशांत करतो, आणि भोगवटा प्रमाणपत्रासाठी अर्ज टाकून राहावयास जातो. त्या प्रमाणपत्राच्या कितीतरी आधी एके दिवशी कराची आकारणी करणारा कर्मचारी न बोलावता दारात उभा राहतो. त्यास सातबारा लागत नाही, मोजणीची क प्रत लागत नाही, मालकाचे नाव तुळशा की तुळशीराम याशी कर्तव्य नसते. फीत लावून अर्ध्या तासात तो सर्व खोल्या अचूक मोजतो. त्याच्या नोंदीत घर त्याच दिवशी अस्तित्वात येते, आणि कर भरला म्हणून बांधकाम कायदेशीर ठरत नाही, ही समजही तो पदरात घालून जातो.

तिकडे पोडावर लाभार्थ्याचेही घर उभे आहे. भिंतीवर योजनेचे बोधचिन्ह, लाभार्थ्याचे नाव, मंजुरीचे वर्ष आणि रक्कम रंगवून घ्यावी लागते, कारण त्यावाचून शेवटच्या हप्त्याचे छायाचित्र चालत नाही. रंगाऱ्याचे पैसे प्रथम दिल्यामुळे सुताराचे राहिले. चौकटीला अद्याप कवाड नाही. पण छायाचित्रात दार उघडे असल्यासारखे दिसते, आणि छाननीत त्यावर कोणीही हरकत घेतलेली नाही.