नाकापेक्षा बिल जड

दिवाळे कोळीवाड्यात पापलेट घेताना पन्नास रुपयांसाठी कोळणीशी हुज्जत घालणारे आपण, दिसण्यासाठी नाक सरळ करून घ्यायला निघालो की मूग गिळतो. सर्जनची फी वेगळी, भूलतज्ज्ञाची वेगळी, थिएटरचं भाडं, तपासण्या, औषधं वेगळी. विमा कंपनी आधीच नाक मुरडून बसलेली. वर 18 टक्के जीएसटी! अपघातात मोडलेलं नाक पूर्ववत केलं, तर मात्र कर माफ. म्हणजे सरकारदरबारी नाक तुटलेलं चालतं, नुसतं नकटं महाग पडतं. नाकाची ही दुरुस्ती तशी जुनीच. अठराव्या शतकात टिपू सुलतानाच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या माणसाला पुण्यात कपाळाच्या कातडीचं नवं नाक मिळालं. 1794 मध्ये लंडनच्या मासिकात ते सचित्र झळकलं. भूल तेव्हा नव्हती. तेवढी एक फी तरी वाचली बिचाऱ्याची.